ऑस्करवाले जुने हॉलिवूड चित्रपट टीव्हीवर पाहायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी संध्याकाळी हमखास निरोप येतो: "एखादा चांगला जुना इंग्लिश पिक्चर सांग ना, ऑस्करवाला." कधी मावशीचा, कधी शेजारच्या काकूंचा, कधी परदेशी स्थायिक झालेल्या वर्गमित्राचा. प्रश्न तेच आणि उत्तरंही तीच, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. आधी सोपे प्रश्न आहेत, किचकट शेवटी.

१. 'क्लासिक हॉलिवूड' म्हणजे नक्की कुठल्या काळातले चित्रपट?

ढोबळमानाने बोलपट आले तेव्हापासून, म्हणजे १९२० च्या दशकाच्या शेवटापासून, १९६० चं दशक सरेपर्यंतचे. त्या काळात एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, फॉक्स, आरकेओ हे स्टुडिओ नटनट्या, लेखक, दिग्दर्शक, अगदी शिंपी-सुतारसुद्धा पगारावर ठेवायचे. आपली प्रभात फिल्म कंपनी आठवा आणि ती कैक पटींनी मोठी कल्पा. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे स्टुडिओंना आपली थिएटरं विकावी लागली, त्यातच घराघरांत टीव्ही आला आणि ही व्यवस्था ढासळत गेली. १९६८ साली पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही याची जुनी नीतिसंहिता जाऊन वयानुसार वर्गवारी आली. मी साधारण तिथे रेघ मारते.

२. आम्ही एकही जुना इंग्रजी चित्रपट पाहिलेला नाही. पहिला कोणता लावू?

'रोमन हॉलिडे' (१९५३). दुसरा विचार करू नका.

दौऱ्यावर आलेली राजकन्या रात्री गुपचूप राजवाड्याबाहेर पडते आणि एका बातमीदाराबरोबर रोममध्ये एक दिवस घालवते, एवढीच गोष्ट. चित्रीकरण खरोखरच्या रोममध्ये झालं आहे, त्यामुळे स्कूटर, गल्ल्या, आइस्क्रीम सगळं खरं वाटतं. ऑड्री हेपबर्नची ही पहिलीच मोठी भूमिका आणि तिला थेट सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. दगडी मुखवट्याच्या तोंडात हात घालण्याचा प्रसंग नीट पाहा. खोटं बोलणाऱ्याचा हात तो मुखवटा चावतो अशी समजूत. ग्रेगरी पेकने तिला न सांगता हात बाहीत लपवून बाहेर काढला, म्हणून तिची किंकाळी खरी आहे. त्यानंतरचं हसूही खरंच.

हा आवडला तर पुढे 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) आणि 'कॅसाब्लांका'. तिन्ही दोन तासांच्या आतले आहेत. 'कॅसाब्लांका'ला मी वर्ष का लिहिलं नाही, ते प्र. १३ मध्ये.

३. मग सर्वांत जास्त ऑस्कर मिळालेल्यापासूनच सुरुवात का नको?

कारण तो 'बेन-हर' (१९५९) आहे. अकरा ऑस्कर, लांबी साडेतीन तासांच्या वर. नंतर 'टायटॅनिक' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग यांनी त्याची बरोबरी केली, पण अजून कुणी ओलांडलेला नाही. रथांच्या शर्यतीची सुमारे नऊ मिनिटं आजही श्वास रोखून धरायला लावतात. संगणकाची करामत नाही, घोडे खरे, रथ खरे. तरीही पहिल्याच रात्री हा लावलात, तर शर्यत येईपर्यंत निम्मं घर झोपलेलं असेल.

अकराचा हिशेबही बघा. चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनयाची दोन सोडली, तर उरलेली सात छायाचित्रण, नेपथ्य, वेशभूषा, ध्वनी, संकलन अशा खात्यांतली आहेत. भव्य सेट आणि हजारोंची गर्दी असलेल्या चित्रपटाला ही खाती सोपी जातात. खोलीत बसून दोन माणसं बोलताहेत, अशा चित्रपटाला वेशभूषेचं ऑस्कर कोण देणार? शिवाय तेव्हा छायाचित्रण, नेपथ्य आणि वेशभूषेला रंगीत आणि कृष्णधवल अशी वेगवेगळी बक्षिसं असायची. म्हणून आकडा बघून यादी करू नका.

४. पहिले दोन-तीन झाले. आता पुढे काय?

इथून पुढे माझी आवड चालते, आधीच सांगितलेलं बरं.

'द अपार्टमेंट' (१९६०, पाच ऑस्कर) हा मी सर्वाधिक लोकांना सुचवलेला चित्रपट. विमा कंपनीतला एक कारकून बढतीच्या आशेने आपल्या भाड्याच्या घराची किल्ली साहेबांना त्यांच्या भानगडींसाठी देत राहतो, आणि स्वतः थंडीत बाहेर कुडकुडतो. दिग्दर्शक बिली वाइल्डर. मोठ्या ऑफिसच्या दृश्यात टेबलांच्या रांगा क्षितिजापर्यंत गेल्यासारख्या दिसतात ना? मागची टेबलं मुद्दाम लहान केली होती आणि तिथे लहान चणीची माणसं बसवली होती. आणि कारकून झालेला जॅक लेमन टेनिसच्या रॅकेटमधून स्पॅगेटी गाळतो, ते पाहून हसताना एकट्या माणसाचं अख्खं स्वयंपाकघर समजतं.

'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४, आठ ऑस्कर) गोदी कामगारांचा. मुंबईत गोदी आणि गिरण्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हा परका वाटणार नाही. मार्लन ब्रँडो आणि इव्हा मेरी सेंट बागेत चालत असतात, तिचा हातमोजा खाली पडतो. तो उचलतो, पण परत देत नाही. झोक्यावर बसून बोलता बोलता स्वतःच्याच हातात घालतो. अभिनय म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी ही दोन मिनिटं दाखवते.

'ऑल अबाउट ईव्ह' (१९५०) नाटकवेड्यांसाठी. चौदा नामांकनं, सहा ऑस्कर. मेकअपच्या खोलीतली असूया कुठल्याही भाषेतल्या रंगभूमीवरच्या माणसाला ओळखीची.

'मार्टी' (१९५५) नव्वद मिनिटांचा. ब्रॉन्क्समधला, लग्न न जमलेला चौतिशीचा खाटीक आणि त्याची आई. मूळ गोष्ट टीव्हीवरचं नाटक होती, म्हणून टीव्हीवर अगदी घरच्यासारखी बसते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेल्यांत हा सर्वांत आखूड.

५. घरात आजी आहे, शाळकरी मुलंही आहेत. सगळ्यांनी मिळून काय पाहावं?

'द साउंड ऑफ म्यूझिक' (१९६५), मध्यंतर घेऊन. मुलं लहान असतील तर 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९). घर करड्या-तपकिरी रंगात आणि दार उघडलं की बाहेर झगझगीत रंग, त्या क्षणी मुलांचे चेहरे बघा. १९५६ साली तो पहिल्यांदा अमेरिकन टीव्हीवर आला आणि पुढे दरवर्षी दाखवला जाऊ लागला. तिकडच्या दोन-तीन पिढ्यांनी तो थिएटरात नव्हे, दिवाणखान्यातच पाहिला.

आजीने 'ती फुलराणी' पाहिलं असेल तर 'माय फेअर लेडी' (१९६४) लावा. दोन्हींचं मूळ बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. 'जस्ट यू वेट' हे गाणं सुरू झालं की आजी "तुला शिकवीन चांगलाच धडा" म्हणायला लागेल. आमच्याकडे म्हणाली. ऑड्री हेपबर्नच्या तोंडची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली आहेत. आपल्याला पार्श्वगायनाचं काय कौतुक, पण तिकडे त्यावरून कुजबुज झाली. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, हेपबर्नला नामांकनही नाही.

जपून: जुना म्हणजे सोवळा असं नसतं. 'द अपार्टमेंट'मध्ये आत्महत्येचा प्रयत्न आहे, 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) बलात्काराच्या खोट्या आरोपाभोवती फिरतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बघायचे तर आधी स्वतः पाहून घ्या.

६. इंग्रजी फार भरभर बोलतात, कळत नाही. काय करू?

इंग्रजी सबटायटल लावा, त्यात लाज कसली. तीस-चाळीसच्या दशकांतल्या विनोदी चित्रपटांत भरभर बोलणं ही फॅशनच होती, अमेरिकन लोकांचेही शब्द निसटतात. मराठी सबटायटल क्वचितच मिळतात. पहिली दहा मिनिटं धीर धरा, कान बसतो.

७. ब्लॅक अँड व्हाइट बघवत नाही. रंगवलेली आवृत्ती चालेल का?

चालवू नका. १९८० च्या दशकात अमेरिकेत टीव्हीसाठी जुने चित्रपट संगणकावर रंगवायची टूम निघाली, 'कॅसाब्लांका'ही सुटला नाही. दिग्दर्शकांनी मोठा आरडाओरडा केला. १९८८ च्या चित्रपट जतन कायद्यामागे हा वाद होता.

तत्त्वाचं सोडा, नुसतं डोळ्यांनी बघा. या चित्रपटांची प्रकाशयोजना करड्या छटांसाठी केलेली असते: अर्धा चेहरा अंधारात, डोळ्यांत एकच ठिपका. वरून गुलाबी गाल फासले की सगळे एकाच ट्यूबलाइटखाली बसल्यासारखे दिसतात. खोलीतला दिवा मालवून बघा, निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

८. चित्र मधोमध चौकोनी येतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. टीव्ही बिघडलाय का?

नाही. १९५३ च्या आधीचे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीतच काढलेले असतात, रुंदी उंचीच्या १.३७ पट. तुमचा टीव्ही १.७८ पट रुंद, म्हणून बाजू रिकाम्या राहतात. १९५३ साली 'द रोब'पासून सिनेमास्कोप आलं, कारण टीव्हीशी स्पर्धा करायला काहीतरी रुंद हवं होतं. 'बेन-हर' तर २.७६ पट रुंद आहे, म्हणून त्यात पट्ट्या वर-खाली येतात.

रिमोटवरचं 'झूम' किंवा 'स्ट्रेच' दाबून पट्ट्या घालवू नका. स्ट्रेचने 'कॅसाब्लांका'चा नायक हम्फ्री बोगार्ट जाडा दिसतो, झूमने त्याचं कपाळ उडतं.

९. नवा मोठा टीव्ही घेतला, तर जुना चित्रपट डेली सोपसारखा दिसतोय. का?

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतः कल्पून भरतात, म्हणजे क्रिकेटचा चेंडू गुळगुळीत दिसावा. त्याच सोयीने चित्रपटाचं वाटोळं होतं. सेटिंगमध्ये पिक्चरच्या भागात 'मोशन' शब्द असलेलं जे काही दिसेल ते बंद करा. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा. आवाज घुमत असेल तर 'सराउंड'ची करामतही बंद. मूळ आवाज बहुतेकदा एकाच वाहिनीचा असतो.

१०. फोनवर पाहिलं तर काय बिघडतं?

'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) हे माझं उत्तर. युद्धावरून परतलेल्या तिघांची गोष्ट, सात स्पर्धात्मक ऑस्कर. त्यातल्या होमरची भूमिका करणारा हॅरॉल्ड रसेल नट नव्हताच. सैन्यात असताना स्फोटात त्याचे दोन्ही हात गेले होते, पडद्यावर दिसतात ते त्याचे स्वतःचे लोखंडी आकडे. एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली: सहायक अभिनेत्याचं आणि एक मानद.

दारूच्या गुत्त्यातला प्रसंग आठवा. पुढे होमर आकड्यांनी पियानो वाजवतोय. शेजारी उभा तिघांतला दुसरा, फ्रेडरिक मार्च, ऐकतोय, पण त्याची नजर सारखी मागे वळते. पार मागे, दाराजवळच्या टेलिफोनच्या खोक्यात तिसरा, डॅना अँड्र्यूज, उभा आहे, आणि मार्चच्या मुलीशी असलेलं नातं फोनवरून तोडतोय. आपल्याला त्याचं बोलणं ऐकू येत नाही. छायाचित्रकार ग्रेग टोलंडने जवळचं आणि लांबचं दोन्ही सारखंच स्पष्ट ठेवलंय आणि दिग्दर्शक विल्यम वायलरने कुठे बघायचं हे तुमच्यावर सोडलंय. फोनच्या पडद्यावर ते खोकं तांदळाच्या दाण्याएवढं होतं. प्रसंग पियानोचाच आहे असं वाटून तुम्ही पुढे जाल.

११. गोष्ट ओळखीची वाटते. हिंदीत पाहिली आहे का?

बहुधा हो. 'इट हॅपन्ड वन नाइट'वरून 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) आले. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'वरून 'एक रुका हुआ फैसला', 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स'वरून 'सत्ते पे सत्ता', 'सम लाइक इट हॉट'वरून 'रफू चक्कर'. 'परिचय'वर 'द साउंड ऑफ म्यूझिक'ची छाया आहे.

सोबत नेहमीचा उपप्रश्न: 'अशी ही बनवाबनवी' 'सम लाइक इट हॉट'वरून घेतलाय ना? नाही. त्याचं मूळ हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६), तिथे साड्या नेसायला कारण भाड्याची खोली. बिली वाइल्डरच्या चित्रपटात दोन वादक खून पाहिल्यामुळे गुंडांपासून पळत असतात आणि बायकांच्या बँडमध्ये शिरतात. साम्य लुगड्यापुरतं.

१२. नाव शोधलं तर भलताच चित्रपट लागला!

नावासोबत साल टाका. 'बेन-हर' १९२५, १९५९ आणि २०१६ असा तीनदा झालाय. 'वेस्ट साइड स्टोरी' १९६१ चा (दहा ऑस्कर) आणि २०२१ चा. 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये घोळ जास्त, कारण १९३० च्या हॉलिवूडपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर आणि २०२२ च्या जर्मन चित्रपटालाही चार ऑस्कर. कुठला चित्रपट आज कुठल्या ॲपवर आहे ते मी लिहून ठेवत नाही, हक्क बदलत राहतात. टीव्हीच्या शोधात नाव आणि साल बोलून बघा. अमेरिकेतल्या नातेवाइकांना मात्र टीसीएम ही वाहिनी आहे, ऑस्करच्या मोसमात ती एकतीस दिवस याच चित्रपटांचा रतीब घालते. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्क संपलं की त्याच चॅनलवर रात्री टीएनटीचे जुने चित्रपट सुरू व्हायचे. माझं सगळं शिक्षण तिथलं.

१३. 'कॅसाब्लांका' १९४२ चा की १९४३ चा? ऑस्कर तर १९४४ चं म्हणतात.

तिन्ही बरोबर. न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ नोव्हेंबर १९४२ मध्ये झाला. लॉस एंजेलिसमध्ये आणि इतरत्र तो जानेवारी १९४३ मध्ये लागला. ऑस्कर देणारी अकॅडमी लॉस एंजेलिसमधलं प्रदर्शन धरते, म्हणून तो १९४३ च्या स्पर्धेत गेला, आणि सोहळा झाला मार्च १९४४ मध्ये.

याच नियमाची सर्वांत मजेदार करामत म्हणजे चॅप्लिनचा 'लाइमलाइट'. १९५२ साली आला, पण लॉस एंजेलिसमध्ये नीट लागला तो १९७२ मध्ये. त्यामुळे संगीताचं ऑस्कर वीस वर्षं उशिरा, १९७३ च्या सोहळ्यात मिळालं.

१४. ऑस्कर न मिळालेला चित्रपट 'क्लासिक' कसा?

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'ला (१९५७) तीन नामांकनं, ऑस्कर शून्य. 'सिंगिन इन द रेन'लाही (१९५२) शून्य. 'सिटिझन केन'ला (१९४१) नऊ नामांकनांतून फक्त पटकथेचं. हिचकॉकला दिग्दर्शनाचं ऑस्कर कधीच नाही, जरी त्याच्या 'रिबेका'ला (१९४०) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मिळालं.

टीव्हीने तर एक चित्रपट वरच काढला. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) पाच नामांकनं घेऊन स्पर्धेत रिकाम्या हाती परतला, त्या वर्षी प्र. १० मधल्या चित्रपटाने बाजी मारली. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं. फुकटात मिळतोय म्हणून अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांनी तो दर नाताळात लावला, पुन्हा पुन्हा लावला, आणि लोकांच्या तो मनात बसला.

१५. 'रोमन हॉलिडे'च्या कथेचं ऑस्कर नक्की कुणाचं?

डाल्टन ट्रम्बोचं. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने ज्यांना काळ्या यादीत टाकलं, त्यांतला तो एक. त्याच्या मित्राचं, इयान मॅक्लेलन हंटरचं, नाव लावलं गेलं आणि ऑस्करही त्यालाच मिळालं. अकॅडमीने ते ट्रम्बोच्या नावे केलं १९९३ साली, तो जाऊन सतरा वर्षं झाल्यावर. मध्यंतरी 'द ब्रेव्ह वन'साठी त्याने 'रॉबर्ट रिच' हे टोपणनाव घेतलं, त्या नावाला ऑस्कर जाहीर झालं, आणि रिच काही आलाच नाही, त्याच्या वतीने दुसऱ्यानेच ते स्वीकारलं.

'ऑन द वॉटरफ्रंट'चा दिग्दर्शक एलिया कझान उलट बाजूचा. त्याने १९५२ साली संसदेच्या समितीपुढे सहकाऱ्यांची नावं सांगितली होती. हे माहीत असताना खबर देणाऱ्या नायकाची गोष्ट वेगळी दिसते. मी आधी चित्रपट आणि मग ही माहिती, अशा क्रमाने सुचवते.

१६. 'गॉन विथ द विंड' पाहावा का? त्यावर टीका ऐकली आहे.

टीका रास्त आहे. गुलामगिरीतलं जगणं त्यात गोडगोड रंगवलंय. तरीही १९३९ चा हा जवळजवळ चार तासांचा चित्रपट वगळून हॉलिवूडचा इतिहास सांगता येत नाही. हॅटी मॅकडॅनियल यासाठी ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. अटलांटातल्या पहिल्या खेळाला मात्र तिला जाता आलं नाही, आणि ऑस्करच्या रात्री तिचं टेबल इतर कलाकारांपासून वेगळं, भिंतीकडेला होतं. दोन रात्रींत विभागून बघा आणि तिच्यावर लक्ष ठेवा.

१७. 'गांधी' यादीत का नाही?

तो १९८२ चा, म्हणजे प्र. १ च्या रेघेपलीकडचा, आणि मुळात ब्रिटिश-भारतीय निर्मिती. पण कोल्हापूरच्या भानू अथैया यांना त्याच्या वेशभूषेसाठी जॉन मोलोसह ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं. तेवढ्यासाठी नियम मोडायचा असेल तर माझी हरकत नाही.

१८. डीव्हीडीच्या पाकिटावर १०२ मिनिटं, माझ्याकडे ९८ भरली. चार मिनिटं कापली का?

बहुधा नाही. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात. जुन्या डीव्हीडी आणि जुन्या प्रक्षेपणांत २४ चा चित्रपट सरळ २५ ने पळवायचे, म्हणून लांबी चार टक्क्यांनी घटते आणि आवाज किंचित चढा लागतो. दहा-पंधरा मिनिटं कमी भरली तर मात्र कात्री चालली असं समजा.

१९. चित्रपट लावला, नुसतं संगीत ऐकू येतंय, चित्र नाही. काय करू?

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) लावलाय का? मग काहीच करू नका. थिएटरात प्रेक्षक स्थिरस्थावर होईपर्यंत वाजवायचं ते पूर्वसंगीत आहे, चार मिनिटांहून जास्त, काळ्या पडद्यावर. 'बेन-हर'मध्ये त्या वेळी निदान मायकेलअँजेलोचं चित्र तरी दिसतं. आमच्या मामाने याच चार मिनिटांत एचडीएमआयची वायर दोनदा काढून लावली, सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू केला आणि केबलवाल्याला फोन लावला. तो उचलेपर्यंत पडद्यावर मोटरसायकल आली होती.